५९० रुपयांवरून

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री साडेदहा

चि. पिंट्या,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. घणसोलीहून ठाण्याला यायला अर्धा तासही लागत नाही आणि आई पत्र लिहितेय! पण परवा फोनवर सांगायला घेतलं तर तीन वाक्यांत सात वेळा ‘हो गं’ म्हणालास. तेव्हाच कळलं की तू ऐकत नाहीयेस. म्हणून हा कागद डब्याच्या पिशवीत घालून पाठवतेय. जेवताना वाच.

‘बँकेने उगाच ५९० रुपये खाल्ले,’ म्हणालास ना? उगाच नाही खाल्ले. मोबाइलचा हप्ता तू ५ तारखेचा लावून घेतलास आणि पगार होतो ७ तारखेला. दुकानात ओटीपी दिलास, तेव्हाच त्या फायनान्सवाल्यांना परवानगी दिलीस की दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून एवढे उचला. त्याला मँडेट म्हणतात. त्यांनी ५ तारखेला मागणी लावली. हप्ता चोवीसशेचा, खात्यात अकराशे. ‘थांबा, परवा पोराचा पगार येतोय,’ असं काही बँक सांगत नाही. मागणी परत पाठवते आणि तुला दंड लावते. दंडाचे ५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. झाले ५९०. फायनान्सवाल्यांचा स्वतःचा दंड वेगळा असतो, तो त्यांच्या ॲपमध्ये बघ. हप्ता लांबला तर नोंद सिबिलपर्यंतही जाते, म्हणजे कोण कर्ज वेळेवर फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, म्हणून थकलेला हप्ता आजच्या आज भर, हा डबा संपवायच्या आधी.

मग त्यांना फोन करून तारीख १० करून माग. नाहीच बदलली, तर त्या खात्यात एका हप्त्याएवढे पैसे कायम पडून असू देत, ते आपले नाहीतच असं समजून. ५९० साठी शाखेत एकदा विचारून बघ. पहिलीच वेळ असली तर कधीकधी सोडतात. नाही सोडले तर हुज्जत घालू नकोस, तो आकार त्यांच्या दरपत्रकात छापलेला असतो.

मी तरी कुठे पहिल्यापासून शहाणी होते? पोळीभाजी केंद्र सुरू केलं तेव्हा पत्र्याचा गल्ला होता. रात्री मोजला की पोळ्या किती गेल्या, उधारी किती राहिली, सगळं कळायचं. मग क्यूआर आला, पैसे जमा झाले की बोलणारी ती पेटी आली आणि गल्ल्यात उरली चिल्लर. पेटी बोलतेय म्हणजे पैसे येतायत, या भरवशावर मी सहा महिने खातं उघडून बघितलं नव्हतं. एक दिवस गॅसवाल्याला दिलेला चेक परत आला. ओळखीचा माणूस, हसून रोख घेऊन गेला. नंतर कोणीतरी सांगितलं की चेक न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा आहे, नोटीस येऊनही पैसे दिले नाहीत तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या रात्री मला झोप नाही लागली. तेव्हापासून ओटा पुसून झाला की आधी स्टेटमेंट, मग अंथरूण.

पहिल्यांदा बसून वर्षभराचं स्टेटमेंट वाचलं तेव्हा काय काय निघालं सांगू? एसएमएसचे पैसे, दर तिमाहीला. डेबिट कार्डाचा वर्षाचा आकार, तोही दोन कार्डांचा, त्यातलं एक मी पाकिटातून बाहेरही काढलं नव्हतं. ते बंद केलं. मे अखेरीस २० रुपये गेलेले दिसले, म्हटलं हे कसले? तर पंतप्रधान सुरक्षा बिमा योजनेचे, फॉर्म मीच भरलेला. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, म्हणून तो राहू दिला. तूही घे, ट्रान्स-हार्बर लोकलच्या दारात लटकतोस ते मला माहीत आहे. आणि दर महिन्याचे १४९ कुठल्याशा सिनेमाच्या ॲपचे, ते तुझे निघाले. विसरलेले नाहीये मी.

तुझं म्हणणं, मेसेज येतात की. येतात, पण तू वाचतोस का? रोज नाही जमलं तर रविवारी दहा मिनिटं बस. जी ओळ कळत नाही तिचा स्क्रीनशॉट मला पाठव.

दुसरं म्हणजे, पगाराच्या खात्यावरून चहा-वडापावचे पैसे देणं बंद कर. मी सगळी रोकड गल्ल्यात ठेवायचे का? सुट्टे तेवढे गल्ल्यात आणि बाकीचे आतल्या डब्यात. तसंच दुसऱ्या बँकेत एक साधं खातं काढ, शून्य शिलकीचं मिळतं का ते विचार, आणि दर सोमवारी त्यात आठवड्याच्या खर्चापुरते टाक. फोनवरचं यूपीआय त्याच खात्याला जोड. उद्या कोणी फसवलंच तर आठवड्याचे जातील, महिन्याचे नाही. एका बँकेचं ॲप बंद पडलं तरी उपाशी राहणार नाहीस. आपल्या गल्लीतल्या काकूंचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले होते, आठवतं? ठेवींवर विमा असतो, पण एका बँकेतलं तुझं सगळं मिळून, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच. तुझ्याकडे एवढे नाहीत, तरी माहीत असलेलं बरं.

फसवण्याचं तर मी रोज बघते. ‘ताई, चुकून जास्त गेले, परत पाठवा ना,’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवतात. पेटी बोललेली नसते, खात्यात काही आलेलं नसतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितलं की समजायचं, आपल्याकडून जातायत. आत्याला ‘तुमचं केवायसी संपलं’ म्हणून फोन आला आणि बाईंनी ओटीपी वाचून दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ग्राहकाला संरक्षण आहे. चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर आपल्यावर काही येत नाही. पण आपणच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपल्याच डोक्यावर. आत्याने लाजेपोटी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही आणि त्या दोन दिवसांत आणखी दोनदा पैसे गेले. तुझ्यावर वेळ आली तर लाजत बसू नकोस. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन, मग बँकेला, आणि तक्रारीचा नंबर कागदावर लिहून ठेव. मी ओरडेन, पण नंतर.

नोकरी बदललीस तर हे पगाराचं खातं वाऱ्यावर सोडू नकोस. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी ते साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते. मी वागळे इस्टेटमध्ये कामाला होते तेव्हाचं असंच एक खातं मुलुंडला राहून गेलं. दोन वर्षं आपण काही उलाढाल केली नाही की खातं निष्क्रिय धरतात. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज त्यात मोजत नाहीत. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तिथूनही मागता येतात. माझे नवव्या वर्षी सापडले, तीन हजार आणि काहीतरी. त्यातून मिक्सर आला.

आता नॉमिनीचं. हे फोनवर मला नीट सांगता आलं नसतं.

बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतास. त्यांच्या खात्यात एक्क्याऐंशी हजार होते आणि फॉर्मवर नॉमिनीचा रकाना कोरा. ‘नंतर भरू’ म्हणाले असतील, सगळ्यालाच नंतर म्हणायचे. नॉमिनी असता तर मृत्यूचा दाखला आणि माझं ओळखपत्र दाखवून काम झालं असतं. नव्हता, म्हणून वारस कोण ते आलं. मी, तू आणि आजी. मुलाच्या मागे राहिलेल्यात आईचाही वाटा असतो, हे मला त्या काउंटरवर कळलं. तू कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून तुझ्या वतीनेही मीच. आजीला संमतीपत्रावर सही करायला नेलं. शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मधल्या पायरीवर ती बसली आणि म्हणाली, ‘त्याच्या पैशावर मी सही करायची?’ मी काही बोलले नाही. पदराने तिचा घाम पुसला आणि आम्ही वर गेलो.

मग स्टँप पेपरवर हमीपत्र, दोन जामीनदार. एक मामा आणि दुसरे खालचे वाणी. पाच महिने लागले. वाण्याकडचा गहू बाजारापेक्षा दोन रुपयांनी महाग असतो, तरी मी तिथूनच का घेते, असं तू विचारतोस ना नेहमी?

तर तुझ्या दोन्ही खात्यांवर नॉमिनी भर. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात, टक्केवारीसकट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण हक्क वारसांचा असतो. सध्या माझं नाव टाक. लग्न झालं की बदल, मी रुसणार नाही. रुसेन, पण दोन दिवस.

माझ्या खात्यांवर तुझं नाव आहे. पासबुकं देवघराखालच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत आहेत. एफडीच्या पावत्याही तिथेच. पुढच्या वेळी आलास की दाखवते.

भरली वांगी आजच संपव, उद्यापर्यंत टिकायची नाहीत. गेल्या खेपेची दोन झाकणं तुझ्याकडेच आहेत, ती याच पिशवीतून परत पाठव.

तुझी,
आई