निवड समितीवर गेलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या शाळेने प्रज्ञावंत मुलांसाठी विशेष वर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे, निवड समितीत तुझे नाव घातले आहे, आणि ‘चाचणी कोणती घ्यावी’ एवढेच तू मला विचारले आहेस. अशा समितीवर मी सहा वर्षे काम केले. चाचणी कोणती असावी यावर आम्ही तासन्‌तास बोललो, पण चाचणीला बसायचे कोणी हा प्रश्न फारसा कोणी काढलाच नाही. आमच्या नजरेतून जी मुले निसटल्याचे मला पुढे कळले, त्यांतली बहुतेक चाचणीत कमी पडली नव्हती, ती चाचणीपर्यंत पोहोचलीच नव्हती. म्हणून तुझ्या प्रश्नाच्या थोडे अलीकडून सुरुवात करतो.

आमच्याकडे वर्गशिक्षकांनी नावे सुचवायची आणि तेवढ्याच मुलांची चाचणी घ्यायची, अशी पद्धत होती. एक मुलगा मला आजही आठवतो. गणिताची उत्तरे तो तोंडी बरोबर सांगे, पण पायऱ्या लिहीत नसे, त्यामुळे गुण कापले जात आणि त्याचे नाव यादीत कधीच आले नाही. पुढे एका बदली शिक्षिकेने वर्गाला विचारले, की बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती असतात. सगळ्यांनी चौसष्ट म्हटले. या मुलाने मात्र, फक्त लहान मोजायचे की सगळ्या आकारांचे, असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी 204 हे उत्तर घेऊन आला. तोपर्यंत निवडीच्या इयत्तेला दोन वर्षे उलटून गेली होती. त्याच्या वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना ‘हुशार मुले सुचवा’ असे सांगितले होते, आणि नीटनेटकी वही, पटकन वर जाणारा हात, स्पष्ट बोलणे यांनाच आपण सगळे हुशारी समजत आलो आहोत.

ही चूक आमच्यापुरती नाही. 1905 मध्ये पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. ‘वरची’ मुले निवडण्यासाठी तिचा मोठा वापर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी केला. त्यांनी 1916 मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली आणि 1921 पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक मुले निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा अभ्यास उभारला. त्यातही पहिली चाळणी शिक्षकांचीच होती: वर्गातली सर्वांत हुशार मुले कोणती आणि वयाने सर्वांत लहान मूल कोणते, असे त्यांना विचारले जाई. टर्मन यांना आढळले ते असे, की उच्च बुद्ध्यंकाचे (आयक्यूचे) मूल शोधण्यासाठी शिक्षकाच्या मतापेक्षा हजेरीपटावरची जन्मतारीख पाहून वर्गातले सर्वांत लहान मूल निवडणे अधिक उपयोगी ठरते. सर्वांत लहान असूनही जे मूल इतरांच्या बरोबरीने चालते, ते त्यांच्याहून वेगाने चालत असते, आणि शिक्षक मात्र त्याची तुलना मोठ्या मुलांशी करून त्याला साधारण ठरवतो. (आणि चाचणीसुद्धा निर्दोष नव्हती. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना तिने वगळले, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.)

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ब्रोवर्ड काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) अनुभव. तिथे 130 किंवा अधिक बुद्ध्यंक असलेली मुले प्रज्ञावंत कार्यक्रमासाठी पात्र ठरत, आणि गरीब घरांतल्या किंवा इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांसाठी ही मर्यादा 116 होती. म्हणजे सवलत आधीपासूनच होती, तरीही अशी मुले फार थोडी निवडली जात, कारण नावे पालक आणि शिक्षकच सुचवत असत. 2005 मध्ये तिथे दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दांविना, आकृत्यांवर आधारलेली एक छोटी चाचणी घ्यायला सुरुवात झाली. त्यात ठरावीक गुण मिळवणाऱ्या मुलांना मानसशास्त्रज्ञांकडून होणाऱ्या सविस्तर चाचणीसाठी पाठवले जाऊ लागले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पात्र ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाच्या) मुलांचे सुमारे 130 टक्क्यांनी वाढले. पात्रतेची मर्यादा कोणासाठीही खाली आणली नव्हती, बदलली होती ती फक्त चाचणीला बसवण्याची रीत. पुढे पैशांच्या टंचाईमुळे ही सरसकट चाचणी बंद पडली आणि मिळवलेले बरेचसे पुन्हा गमावले गेले. तुझ्या समितीत मला एकच वाक्य बोलायची परवानगी मिळाली, तर मी एवढेच म्हणेन, की एका इयत्तेतल्या सगळ्या मुलांची चाचणी घ्या. शिक्षकांची आणि पालकांची शिफारस अवश्य घ्या, पण ती यादीत भर घालण्यासाठी घ्या, कोणाला वगळण्यासाठी नको.

आता मर्यादेच्या आकड्याविषयी. बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) 15 धरले, तर 130 च्या वर हजारांत साधारण 23 मुले असतात. हा आकडा निसर्गाने आखलेला नाही, तो सोयीसाठी घेतलेला आहे. शिवाय चांगल्यातल्या चांगल्या चाचणीतही मोजणीची प्रमाण त्रुटी तीनएक अंकांची असते, आणि बऱ्यापैकी खात्रीसाठी दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरावी लागते, म्हणून 128 गुण मिळालेल्या मुलीचा खरा बुद्ध्यंक 122 ते 134 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. असे 128 गुण मिळवलेल्या एका मुलीच्या आईला ‘ती या गटात बसत नाही’ हे मी स्वतः सांगितले आहे. त्या दिवशी मुलीला ताप होता, हे आईने सांगितले तेव्हा मी नियमाकडे बोट दाखवले. आज ते आठवले की मला लाज वाटते. मर्यादेच्या जवळच्या मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळेल असा नियम आम्हाला सहज करता आला असता. तू तो करून घे, आणि तो सर्वांना सारखा लागू असू दे. नाहीतर ज्यांची ऐपत आहे ते पालक बाहेरून पुन्हा चाचणी करून प्रमाणपत्र आणतात आणि बाकीचे पहिला निकाल मुकाट्याने मान्य करतात.

अनेक कसोट्या लावायचे तुमच्या समितीत घाटत आहे, असे तू लिहिले आहेस. त्यात एक फसगत आहे. चाचणीतही वरचे गुण हवेत, परीक्षेतही हवेत आणि शिक्षकांचे मतही अनुकूल हवे, असा नियम केला, तर प्रत्येक कसोटीची चूक मुलाच्या विरोधात साठत जाते आणि शेवटी जे मूल कुठेच अडखळत नाही तेवढेच उरते. वाचनाची अडचण असलेले पण तर्कात असामान्य असलेले मूल अशा नियमात टिकणे जवळजवळ अशक्यच. कसोट्या अनेक असू देत, पण त्यांची सरासरी घ्या, किंवा एखाद्या क्षेत्रात स्पष्टपणे पुढे असलेल्या मुलाला त्या एकाच बळावर आत येऊ द्या.

वयाचाही विचार कर. न्यूयॉर्क शहरात अनेक वर्षे चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन त्यांना अशा वर्गांत प्रवेश दिला जाई, आणि त्या वयाच्या मुलांना शिकवण्या लावून तयार केले जाई. 2021 मध्ये ती चाचणी थांबली आणि तिच्या जागी बालवाडीतल्या शिक्षकांची शिफारस व सोडत आली. म्हणजे एक उणीव काढताना दुसरी, जुनीच, परत आली. इतक्या लहान वयातल्या निकालाने पुढची सगळी वर्षे ठरवू नयेत असे माझे ठाम मत आहे. दर दोन-तीन वर्षांनी दार पुन्हा उघडायला हवे. आणि गुण ताडताना मुलाचे वय महिन्यांत मोजून त्याच वयाच्या मुलांशी तुलना कर. एका इयत्तेतल्या मुलांच्या वयात वर्षभराचा फरक असू शकतो, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा.

एक प्रश्न मात्र समितीला सगळ्यात आधी विचार: वर्गात शिकवणार काय? अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1978 मध्ये मांडले, की सरासरीहून वरची क्षमता, हातातल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि सर्जनशीलता या तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा दिसते. एकट्या बुद्ध्यंकाने यातले पहिलेच सापडते. वर्ग गणिताचा असेल तर निवडही गणिताच्या विचारशक्तीवरच व्हावी. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ले यांनी 1970 च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा द्यायला लावली, कारण त्यांच्या इयत्तेच्या परीक्षेत ही सगळी मुले शंभरपैकी शंभराच्या आसपासच गुण मिळवत आणि त्यांच्यातला फरक दिसतच नसे. लेखनाचा वर्ग काढून निवड आकृत्यांच्या चाचणीने करणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

शेवटी, ज्यांची निवड होणार नाही त्यांच्या पालकांना जे पत्र जाईल, ते तूच लिही, कार्यालयावर सोपवू नकोस. आमच्या पत्रात ‘आपले पाल्य प्रज्ञावंत आढळले नाही’ असे वाक्य होते, आणि ते शंभराहून अधिक घरांत गेले. ‘या वर्षीच्या या वर्गासाठी निवड झाली नाही, पुढची चाचणी अमुक महिन्यात आहे’ एवढेच लिहिले असते तर ते खरेही ठरले असते. मसुदा झाला की मला पाठव, मी बारकाईने वाचीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र