तुझं 'सगळं ओके' ऐकून घाबरलो

सातपूर, नाशिक
तिसऱ्या श्रावणी सोमवारची आदली रात्र

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "मॅनेजर होऊन सात महिने झाले, टीममधून एक तक्रार नाही. सगळं ओके." मी वा वा केलं, वहिनींची चौकशी केली, फोन ठेवला. रात्री जेवताना हिने विचारलं, "काय झालं? भात तसाच राहिलाय." खरं सांगू? तुझं ते 'सगळं ओके' ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी आमच्या मालकांपुढे छाती काढून म्हटलं होतं. त्यानंतर दीड महिन्यात मी चाकणला एका कंपनीच्या शेडमध्ये रात्री दोन वाजता जमिनीवर मांडी घालून नग तपासत बसलो होतो.

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच म्हणाला असतास, "तुमचं कारखान्याचं वेगळं असतं रे, आमचं आयटी." म्हणून पत्र. आता ऐकून घे.

आमचं शॉप तू पाहिलंयस. पपया नर्सरीवरून आत वळलं की तिसरी गल्ली, पत्र्याची शेड. नऊ सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ, दोन व्हीएमसी, म्हणजे उभ्या मिलिंगची मशीनं, दोन्ही शिफ्ट धरून चौतीस माणसं. डिप्लोमा करून मी इथे लागलो तेव्हा आमचे जुने ऑपरेटर आप्पा, त्यांनी मला पहिले आठ दिवस मशीनला हात लावू दिला नव्हता. नुसता मायक्रोमीटर, ते बारीक मापाचं साधन, धरायला लावला. रॅचेट तीनदा टिकटिकलं की थांबायचं, जास्त पिळायचं नाही. मी पिळायचो. ते मागून यायचे, माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "माप घे, गळा दाबू नको त्याचा."

आणि हेच आप्पा एका सकाळी माझ्या हाताखाली आले. मालकांनी इनचार्जची खुर्ची मला दिली, कारण मला कॉम्प्युटरवर रिपोर्ट करता येतो आणि कस्टमरशी इंग्रजीत चार वाक्यं बोलता येतात. पहिल्याच दिवशी आप्पांनी मला 'सर' म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "आप्पा, सर काय म्हणता?" तर म्हणाले, "शॉपवर सर. गेटबाहेर तू बंड्याच."

आप्पांना आज्ञा करायची कशी, या लाजेतून सुटायला मी काय केलं असेल? आवाज चढवला. आप्पांवर नाही, बाकीच्यांवर. एका पोराने टरेट, म्हणजे हत्यारं धरणारा भाग, नग पकडणाऱ्या चकवर आपटवला. स्पिंडलचं काम निघालं, मशीन सहा दिवस बंद. मी त्याला सगळ्या शॉपसमोर झाडला. "तुला लेथ कुणी दिली? घरी जाऊन म्हशी राख," असं काहीतरी बोललो. त्यानंतर शॉपमध्ये काय शांतता पसरली म्हणून सांगू! कुणी काही विचारायला येईना, कुणी कुरकुर करेना. मला वाटलं, शिस्त लागली. त्याच भरात मालकांना म्हणालो, सगळं ओके.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नकोस. आमचा एक जॉब आहे, त्यात ३२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, एच ७ या मापाच्या सवलतीत. म्हणजे ३२.००० च्या खाली नको, ३२.०२५ च्या वर नको. पंचवीस मायक्रॉनची गल्ली, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोअर करणारा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारी धार, झिजत गेला की बोअर लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, थोडा थोडा वाढवत जातो. पाच मायक्रॉन, आणखी पाच, मग दहा. नवा इन्सर्ट लावला की ते वाढवलेलं सगळं शून्य करायचं असतं. विसरलास तर नवी धार जुन्या झिजेची भरपाई करत बसते आणि बोअर मोठा होतो. लहान बोअर परत कापता येतो. मोठा झाला की भंगार, काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

एक पोरगा विसरला. नांदगावकडचा, आयटीआय झालेला, श्रमिकनगरात चौघांत एक खोली घेऊन राहणारा, कामाला चांगला. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती. पंचविसाव्या नगाला बोअर तपासायचा प्लग गेज लावला तर नोगो बाजू, जी आत जायलाच नको ती, बिनबोभाट आत गेली. त्याने ऑफसेट दुरुस्त केला, पुढचा नग बरोबर काढला, आणि बिघडलेले नग चांगल्या नगांच्या ट्रेमध्ये मिसळून दिले. मी त्या वेळी पंधरा फुटांवर उभा होतो. हात वर केला असता तरी मला दिसला असता.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. चाकणला कस्टमरच्या लाइनवर, त्या बोअरमध्ये प्रेसने दाबून बसवायचा बुश हातानेच आत गेला आणि हातानेच बाहेर आला. दोन हजार सहाशे नगांचा लॉट अडकला. माणसं पाठवा, सगळे तपासा, नाहीतर लॉट परत. आप्पा आणि मी निघालो. तो पोरगा आपणहून म्हणाला, "मी येतो सर." मला वाटलं, काय जबाबदार मुलगा आहे!

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पोचलो. दिवसभर गेज घाल, काढ, ठेव. अंगठ्याला फोड आले. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला एकोणीस खराब नग बाजूला पडले होते. मी म्हणालो, "बहुतेक संपले." तेव्हा तो पोरगा मान खाली घालून म्हणाला, "बावीस आहेत सर. अजून तीन शोधा."

माझ्या हातातला गेज तसाच राहिला. आप्पांनी मानही वर केली नाही. नग तपासत तपासतच म्हणाले, "आधी तीन शोधू. मग बोलू."

पहाटे चारला तिसरा सापडला. बाहेर टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, "का लपवलंस?" बराच वेळ ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, "तुम्ही त्याला म्हशी राख म्हणाला ना, आमच्या घरी म्हशी आहेत सर. दोन. मला परत नाही जायचं तिकडं."

मन्या, मी त्याला काय बोलणार होतो?

येताना तो मागच्या सीटवर झोपला होता. संगमनेरच्या अलीकडे आप्पा एकदम म्हणाले, "तुझे सात होते." मला कळेना. "तू नवीन होतास. बुश होते. लहान-मोठे करून ठेवलेस आणि खाली पेटीत दडवलेस. मी संध्याकाळी काढून भंगारात टाकले. तुला वाटलं, कुणाला कळलं नाही." मला ते सात नग आठवत होते रे. इतकी वर्षं मी समजत होतो की ते नशिबाने निभावलं. "तेव्हाच का नाही बोललात?" असं विचारलं तर म्हणाले, "बोललो असतो तर तू अजून खोल दडवायला शिकला असतास."

मग घाट संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

कस्टमरला रिपोर्ट पाठवायचा होता. आमच्याकडे त्या कागदाची एक ठरलेली ऋचाच आहे. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला समज दिली. शंभरदा तरी लिहिलं असेल मी हे, तेच लिहून पाठवलं. तिकडच्या क्वालिटीच्या मुलीने परत पाठवलं, सोबत एक ओळ: "समज दिल्यावर इन्सर्ट झिजायचा थांबतो का?" राग आला आधी. माझ्या लेकीच्या वयाची पोर! पण बरोबर होतं. टोयोटात ताइइची ओनो यांनी रुजवलेली 'पाच वेळा का' विचारायची पद्धत आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती, सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलंय, आणि मी ती एकदाही मनापासून वापरली नव्हती. बसलो वही घेऊन. बोअर मोठा का? ऑफसेट शून्य केला नाही. का? विसरला. विसरला तरी मशीन पुढे का चाललं? कारण इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग दुसऱ्या कुणी तपासायची पद्धतच नव्हती. इथवर सोपं होतं. मग त्याने ते का लपवलं? या 'का'ला फॉर्ममध्ये रकाना नाही. पण उत्तरात माझं नाव येत होतं.

पद्धती बदलल्या: इन्सर्ट बदलला की पहिला नग दुसऱ्याने तपासायचा, खराब नगासाठी कुलपाची लाल पेटी, वगैरे. ते आठवड्यात झालं. माझं तोंड बदलायला वर्ष गेलं, अजून पुरतं बदललेलं नाही.

टोयोटाच्या लाइनवर काही खटकलं तर कुठलाही कामगार दोरी ओढू शकतो आणि वेळ पडली तर लाइन थांबते. आमच्या मशीनवर तीन रंगांचे दिवे असतातच. मी जाहीर केलं की काहीही शंका आली तर मशीन थांबवा, लाल दिवा लावा, मी येतो, कुणी ओरडणार नाही. आठ दिवस एकही दिवा लागला नाही. कोण विश्वास ठेवणार? नवव्या दिवशी सकाळी सगळ्यात लांबच्या मशीनवर लाल दिवा. आप्पांचं मशीन! पळत गेलो. आप्पा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, माझ्या हातून इन्सर्ट चुकीच्या ग्रेडचा लागला. तीन नग गेले." एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस! अख्खं शॉप काम सोडून माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, "बरं झालं सांगितलंत. चला, बघू." त्या दिवशी दुपारी अजून दोन दिवे लागले. आप्पांनी तो इन्सर्ट खरंच चुकून लावला होता का, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

तुला आठवतं, २००८ च्या पुरात आपण पावसात भिजत गोदाकाठी गेलो होतो? सगळं नाशिक एकमेकांना एकच विचारत होतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलंय? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. अजूनही गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक आधी तेच विचारतात. पाणी वाढलं म्हणून मारुतीला शिव्या दिलेल्या मी काही ऐकल्या नाहीत. आणि मी मात्र शॉपमधले सगळे मारुती ओरडून गप्प केले आणि वर म्हणत होतो, पूर नाही.

म्हणून तुझ्या अकरा जणांची मला काळजी वाटते. अकरा माणसं, सात महिने आणि एक तक्रार नाही? आपल्या दोघांत एक तास तक्रारीवाचून जात नाही. तू त्यांना काय विचारतोस? "काही अडचण?" असंच ना? त्याचं उत्तर 'नाही सर' हेच असतं, बालवाडीपासून. मी आता विचारतो, "आज कुठे अडकलास?" म्हणजे अडकणं धरूनच चालायचं. विचारून झालं की गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, तुला तर जास्तच. आणि एकदा तुझी स्वतःची एखादी घोडचूक त्यांना सांग. मी ते सात नग शॉपमध्ये सांगितले. पोरं आधी हसली, मग त्या नांदगावच्या पोराने आप्पांकडे बघितलं, आप्पांनी छताकडे.

दुसरी एक खोड आहे, ती तुझ्यातही असणार. पोरगा सेटिंग करताना चाचपडायला लागला की माझे हात शिवशिवतात. "सरक, मी करतो." वीस मिनिटांत करून मोकळा! मला बरं वाटतं, पोरगं जिथल्या तिथे. आता हात खिशात घालून उभा राहतो. परवा एकाने पन्नास मिनिटं लावली, माझे दात दुखायला लागले आवळून. पण केलं त्याने.

फार सुधारलो असं समजू नकोस. गेल्याच महिन्यात स्टोअरच्या माणसावर असा ओरडलो की शेजारच्या शेडमधून माणसं डोकावली. ओरडलो सगळ्यांसमोर, मग दुसऱ्या दिवशी माफीही सगळ्यांसमोरच मागितली. कान लाल झाले होते माझे. तो म्हणाला, "जाऊ द्या सर," पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे.

आत्ता बाहेर त्र्यंबक रोड फुललाय. उद्या ब्रह्मगिरीची फेरी, पोरं अनवाणी चाललीत, 'बम बम भोले' इथपर्यंत ऐकू येतंय. पाऊस आहे, आणि २०२७ च्या कुंभासाठी रस्ते खणून ठेवलेत ते वेगळंच. दरवर्षी तिसऱ्या सोमवारी आमच्या शॉपमध्ये आज्या वारतात. एका वर्षी तर एकाच पोराची तीच आजी दुसऱ्यांदा वारली होती. या वेळी शुक्रवारीच चौघं केबिनमध्ये आले आणि सरळ म्हणाले, "सर, फेरीला जायचंय." नांदगाववालाच पुढे. मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं, चार नंबरचं मशीन चालवणार कोण? मंगळवारी डिस्पॅच आहे, तोच ३२ चा बोअर.

तेव्हा उद्या सकाळी सातला मी मशीनवर उभा राहणार आहे, कितीतरी वर्षांनी. आप्पांना सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रहा. पण पहिला नग मला दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही, सर."

तुझा,
बंड्या