तुझे कागद मी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पॅन, बारावीची मार्कशीट आणि पासबुकचं पहिलं पान पटकन पाठव, घरून काम देणाऱ्या कंपनीच्या एचआरला द्यायचं आहे म्हणून. फोटो पाठवले नाहीत आणि पाठवणारही नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हाव आई, हाव" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र मुगवड्यांच्या डब्यासोबत एसटीच्या पार्सलने धाडते आहे.

कंपनी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. कंपनी बंगळूरला, तू अमरावतीच्या खोलीवर, माणूस कधी समोर यायचा नाही. मग तू कोण, हे त्यांना तपासावंच लागणार. पण तपासणं वेगळं आणि तुझे सगळे कागद कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत जाऊन पडणं वेगळं. त्या एचआरच्या मुलीने उद्या नोकरी सोडली तर फोन तिचा, तो ती घरी घेऊन जाईल, तुझ्या आधारसकट.

आधी त्यांना विचार की नेमकं काय पाहिजे. खासगी कंपनीला आधारची सक्ती करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ सालीच सांगितलं आहे. नुसती ओळख पटवायची असेल तर पॅन किंवा मतदार कार्डानेही पटते. पीएफ कापणार असतील तर मात्र आधारचा पूर्ण क्रमांक लागेल, तिथे वाद घालू नकोस. बाकी कशासाठी आधार मागितला तर मास्क्ड आधार उतरवून दे, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. त्याहून बरी ऑफलाइन ई-केवायसीची फाइल. आधारच्या साइटवरून एक झिप फाइल येते, ती उघडायचा चार अक्षरांचा कोड तूच ठरवायचा, आत तुझं नाव, पत्ता, फोटो आणि आधारवाल्यांची डिजिटल सही. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतोच. सही खरी आहे का हे त्यांच्या संगणकाला तपासता येतं, त्यामुळे झेरॉक्सपेक्षा हा पुरावा पक्का. त्यांच्या माणसाला हे माहीत नसेल तर तू सांग. माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रात येणाऱ्या साहेब लोकांनाही माहीत नसतं.

आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा, असं पत्रक २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळूर कार्यालयाने काढलं होतं. आठवतं का? गावात केवढा गोंधळ! दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं, लोकांनी घाबरू नये म्हणून. मला विचारशील तर पत्रक बरोबर होतं. माझ्या दुकानातली झेरॉक्स मशीन त्या एका कार्डावर किती चालते ते मीच पाहते. आजही कुणी आधारची झेरॉक्स मागितली की मी त्यावर आडवं लिहून घेते, "फक्त पीक कर्जासाठी", खाली तारीख आणि सही. हसतात लोक. हसू दे.

मार्कशीट सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधून काढ. पण तिथे दोन कप्पे आहेत, तेवढं बघ. बोर्डाकडून थेट आलेली मार्कशीट "इश्यूड"मध्ये असते आणि कायद्याने ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानतात. तू स्वतः फोटो काढून चढवलेली "अपलोडेड"मध्ये पडते, तिची किंमत फोटोइतकीच. केंद्रात पोट्टे येतात, "मॅडम, डिजिलॉकरमध्ये आहे ना सगळं," म्हणतात, आणि उघडून पाहावं तर सगळे फोटो.

आता महत्त्वाचं. तुझ्या हातात तो फोन आहे, पण त्यातलं सिम अजून बाबांच्या नावावर आहे. घेतलं तेव्हा तू अठराची नव्हतीस, म्हणून ते तसंच चाललं. बँक, आधार, डिजिलॉकर, जीमेल, सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. म्हणजे तुझ्या नावाचं प्रत्येक कुलूप ज्या किल्लीने उघडतं ती कागदोपत्री तुझी नाही. बाबांवर अविश्वास म्हणून सांगत नाही; ते स्वतःच म्हणाले, "नावावर करून दे बाप्पा पोरीच्या, मले काय करायचं." तूर निघाली की ते अमरावतीला येतील. दोघं मिळून मोबाइल कंपनीच्या दुकानात जा आणि सिम तुझ्या नावावर करून घ्या. त्यानंतर सरकारच्या संचार साथी साइटवर तुझ्या नावावर किती सिम निघालेली आहेत ते पाहा. आपण न घेतलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

नंबर बदलायचा मोह मात्र धरू नकोस. स्वस्त रिचार्ज पाहिजे तर कंपनी बदल, नंबर तोच ठेव, ती सोय २०११ पासून देशभर आहे. बंद पडलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला देतात. गावात असे कितीतरी आहेत ज्यांच्या आधारला जोडलेला नंबर आज दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजतो. पीएम किसानच्या केवायसीला येतात, ओटीपी जातो कुठल्या कुठे, आणि काकाजी माझ्याकडे बघत बसतात. मग ठरलेलं वाक्य, "तुमचाच लंबर टाकून द्या ना मॅडम. आमचं काय, आज हे सिम, उद्या ते." मी टाकत नाही. रागावतात. दुसऱ्या केंद्रावर टाकून देतात म्हणतात, तर जा म्हणते तिकडे. माझा नंबर टाकला की त्या माणसाच्या पैशाचा, जमिनीचा, सगळ्याचा दरवाजा माझ्या फोनमधून उघडणार. मी भली असेन, पण उद्या या खुर्चीवर कोण बसेल ते कुणी पाहिलंय?

बायांचं तर विचारू नकोस. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे लाडकी बहीणची ई-केवायसी लागली. आधी बाईच्या मोबाइलवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. नवरा पुण्याला कामावर, तो फोन उचलेना. जिचा नवरा गेला आणि वडीलही नाहीत, ती मृत्यूचे दाखले घेऊन अंगणवाडीताईच्या दारात. जिला नवऱ्याने टाकली, ती कुणाला ओटीपी मागेल? एक जण माझ्यासमोर बसून नवऱ्याला फोन लावत होती. दोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि सहा आकड्यांसाठी बोलावं लागलं. त्या रांगेकडे पाहताना मला तूच दिसत होतीस. शिकलेली असलीस तरी नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर रांग तीच.

नावाचंही तसंच. तुझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर बाबांचं नाव मध्ये नाहीच. माणसाला कळतं की मुलगी एकच आहे, संगणकाला कळत नाही. आता निवांत आहेस तर तिन्हीकडे एकसारखं करून घे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव घालायचं सरकारने ठरवलं आहे. तू त्याआधीची, म्हणून तुझ्या नावात मी नाही! आणि पुढे लग्न ठरलं तर नाव बदलायचं की नाही हे तूच ठरव, पण ठरवताना एवढं लक्षात ठेव की डिग्री, पॅन, बँक, पीएफ, सगळीकडे तो बदल तुलाच करत बसावा लागेल. माझं बदललं तेव्हा एक रेशन कार्ड होतं फक्त.

तुझ्या मामाचं तुला माहीत आहे. बुटीबोरीत तीन कंपन्या बदलल्या आणि प्रत्येक ठिकाणी पीएफचा नंबर नवा. पहिल्या कंपनीचे पैसे काढायला तिथल्या बाबूची सही पाहिजे, आणि बाबू काही भेटेना. २०१४ साली यूएएन आला, बारा आकड्यांचा, माणसाला एकच. कंपनी बदलली तरी तो माणसाबरोबर जातो. तुझ्या शिक्षणाचं आणि कामाचं सगळंच असं तुझ्याबरोबर जाणारं असावं, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. बाकीचं त्याच्याच भोवतीचं.

म्हणून कॉलेजने दिलेल्या ई-मेलवर स्वयमचे, म्हणजे सरकारचे ऑनलाइन, कोर्स लावू नकोस. कॉलेज संपलं की ते मेल कधी बंद करतील ते तुला विचारणार नाहीत. कंपनीच्या मेलचं तर त्याहून स्पष्ट आहे, शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो गेला. सगळी प्रमाणपत्रं स्वतःच्या मेलवर घे. त्या मेलला दुहेरी पडताळणी लाव आणि मेल परत मिळवायचे जे कोड येतात ते कागदावर लिहून ठेव. फोनमध्ये ठेवशील तर फोन हरवल्यावर काय करशील? कंपनीच्या लॅपटॉपवर आपली बँक, आपला डिजिलॉकर उघडायचाच नाही. तो लॅपटॉप त्यांचा आहे, आणि त्यावर काय चाललंय ते त्यांना दिसू शकतं.

क्रेडिटचंही बघून घे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट जिथे जमा राहतात तिथे, तुझं खातं आहे, पण पहिल्या दोन सत्रांचे क्रेडिट तिथे जमा दिसतात का? विद्यापीठाने चढवले नसतील तर आत्ताच अर्ज कर. साधारण सात वर्षांपर्यंत ते धरतात, मध्ये शिक्षण थांबलं तरी. बीए अर्धवट राहिलं तर काय, ही तुझी धास्ती त्याने निम्मी कमी होईल.

डिजिटल सही असलेल्या सर्टिफिकेटबद्दल तू मागे सांगत होतीस, देणारा सही करतो, बाळगणारा स्वतःजवळ ठेवतो, आणि पाहणारा देणाऱ्याला फोन न करता तपासतो. त्याचं जगभराचं प्रमाण इंटरनेटवरच्या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी संस्थेने २०१९ मध्ये ठरवलं, हेही तूच सांगितलंस. तेव्हा मी मान हलवली होती. नंतर लक्षात आलं की हे तर मी रोज करते. १५ रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा काढून देते, कास्तकार तो बँकेत नेतो, बँकवाला पडताळणी क्रमांक टाकून पाहतो, तलाठ्याकडे चक्कर नाही. फरक एवढाच की बँकवाल्याला त्यात अख्खं वावर दिसतं, गटातले बाकीचे खातेदारसुद्धा. तू सांगत होतीस त्यात म्हणे हवं तेवढंच दाखवता येतं, अठरा पूर्ण आहेत एवढंच, जन्मतारीख नाही. आधारच्या नव्या ॲपमध्येही काय दाखवायचं ते निवडायची सोय आली आहे. एकदा करून बघ आणि मला शिकव, केंद्रात उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट, जी तू मला सांगितली नाहीस पण तुझ्या मैत्रिणीच्या आईकडून कळली. ऑनलाइन काम मिळवायचं तुझं प्रोफाइल महिन्याच्या भाड्याने द्यायला कुणीतरी विचारलं होतं म्हणे. काम ते करणार, नाव तुझं, बसल्या जागी पैसे. तू नाही म्हणालीस हे ऐकून बरं वाटलं. बँक खात्यांचं हेच चालू आहे. पोरं दोन-चार हजारांत खातं वापरायला देतात, त्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे येऊन जातात, आणि पोलीस खातेदाराला शोधत येतात. यवतमाळकडून असेच पोलीस आले होते, तेव्हा ज्या पोराला ते शोधत होते त्याला आपण काय दिलं हेच समजलं नव्हतं.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेव. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आपल्या अंगठ्याने पैसे निघतात हे विसरू नकोस. कधी पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन कर, मग रड.

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. सगळी कलमं लागू व्हायला अजून वेळ आहे, पण चांगली कंपनी आत्तापासून सरळ वागते. म्हणून त्या एचआरला एक साधी मेल लिही. हे कागद कशासाठी घेता, कुठे ठेवता, मी काम सोडल्यावर कधी पुसता, एवढंच विचार. भाषा नम्र ठेव, पण मेलवरच विचार, व्हॉट्सॲपवर नको. उत्तर नीट आलं तर फाइल पाठव. "सगळे देतात, तुम्हालाच काय अडचण" असं आलं तर मला फोन कर, आपण दुसरं काम पाहू.

पासबुकचं पान द्यायला माझी हरकत नाही, पगार कुठेतरी जमा व्हायलाच हवा. पण त्यासाठी एक वेगळं खातं काढ, घरचे पैसे त्यात ठेवू नकोस.

मूळ मार्कशीट आणि टीसी इथेच पेटीत आहेत, सातबाऱ्याजवळ. मुगवड्या आल्याबरोबर उन्हात टाक, पार्सलमध्ये दमट होतात. कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, मजूर मिळत नाहीत, लाईन दिवसाची कमी आणि रात्रीची जास्त. बाबांची खोकल्याची गोळी अमरावतीत मिळते का बघ, इथे दुकानदार दुसरीच देतो.

तुझी,
आई