दाराला आतून कडी लावू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "काही नाही रे, थोडी कणकण आहे, घसा धरलाय, झोपलो की बरं वाटेल," असं म्हणालास. हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. दुसऱ्या वर्षाला असताना मी तीन दिवस सगळ्यांना हेच सांगत होतो. ती गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही, आज सांगतो.

रूममेट घरी गेला होता. मला उलट्या-जुलाब सुरू झाले, अंगात तापही होता. पहिल्या दिवशी वाटलं, पोट बिघडलंय, होईल ठीक. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तेव्हा उसनं अवसान आणून बोललो, तिला उगाच घोर नको म्हणून. तिसऱ्या दिवशी टेबलावरची पाण्याची बाटली पलंगावरून दिसत होती, जेमतेम चार पावलांवर, पण उठायची ताकद नव्हती. फोन बंद पडलेला. दाराला आतून कडी. बाहेर व्हरांड्यात चपला वाजत होत्या, कोणीतरी हसत होतं, आणि मला हाक मारायचीही लाज वाटत होती. शेजारच्या खोलीतला मुलगा कॅल्क्युलेटर मागायला आला म्हणून कसाबसा उठून दार उघडलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावला, आणि एक शब्द न बोलता खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसेना, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. "शेवटची लघवी कधी झाली?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. रात्रभर सलाईन लावावं लागलं. पहिल्याच दिवशी ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट घेतली असती, तर बहुधा ही वेळच आली नसती. पण पुडी आणायला कोणीतरी लागतं, आणि मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

म्हणून पत्र वाचून झालं की आधी उठून शेजारच्या खोलीत सांग, वॉर्डनच्या कानावर घाल, आणि सकाळ-संध्याकाळ कोणीतरी दार वाजवेल असं ठरवून टाक. बरा होईपर्यंत रात्री कडी लावू नकोस. घरीही खरं सांग. आईला काळजी वाटेल, वाटू दे.

ताप हाताने अजमावू नकोस, थर्मामीटरने मोज आणि वेळेसकट लिहून ठेव. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट, किंवा त्याच्या वर असेल तर तो ताप. डॉक्टरांना "दोन दिवस कणकण आहे" यापेक्षा त्या चार आकड्यांतून जास्त कळतं. पॅरासिटामॉल घेत असशील तर दोन डोसांत किमान चार तास जाऊ दे, आणि 24 तासांत 4 ग्रॅम ही मोठ्या माणसाची कमाल मर्यादा आहे, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. पाकीट वाचलं नाही तर नकळत दुप्पट पोटात जातं आणि यकृताला इजा होऊ शकते.

आणि रूममेटची उरलेली अँटिबायोटिक घेतोयस म्हणे! ती मात्र आजच बंद कर, आणि चार गोळ्या घेऊन झाल्यात हे डॉक्टरांना न लाजता सांग. घसा बहुतेक वेळा विषाणूमुळेच दुखतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आपल्या वयात ग्रंथीज्वरही (ग्लँड्युलर फीवर, हाही विषाणूचाच आजार) होऊ शकतो. त्यात घसा असाच सुजतो, मानेत गाठी येतात, आणि अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घेतलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. त्यात प्लीहाही (पोटातला डाव्या बरगड्यांखालचा अवयव) वाढते, म्हणून बरं वाटलं तरी काही आठवडे धक्काबुक्कीचे खेळ खेळायचे नसतात. तुझं मन मैदानावर असतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

उद्या सकाळी आरोग्य केंद्र उघडताच जा, बरोबर कोणाला तरी घेऊन जा. पण रात्रीतच मान आखडली, उजेड सहन होईना, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, श्वास लागला किंवा काचेचा पेला दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे डाग अंगावर दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही. थेट रुग्णवाहिका बोलवायची. ही मेंदूज्वराची लक्षणं असू शकतात. मेंदूज्वर काही तासांत माणसाला आडवं करतो, आणि वसतिगृहासारख्या दाटीच्या जागी तो पसरायचा धोका जास्त असतो. ही लक्षणं आजच रूममेटलाही वाचून दाखव, कारण गोंधळलेल्या माणसाला स्वतःचा गोंधळ कळत नाही.

सोमवारच्या परीक्षेचं दडपण आहे, हे ठाऊक आहे मला. तरी सरांना आजच दोन ओळींचा मेल टाक. परीक्षेआधी कळवलेल्याचं वजन वेगळं असतं. उद्या डॉक्टरांना भेटशील तेव्हाच तारखेसकट चिठ्ठी घे, मागाहून मागची तारीख घालून कोणी देत नाही, देऊही नये. औषध न घेता 24 तास ताप नसेल तेव्हाच वर्गात बस. तोवर तुझा पेला, बाटली, टॉवेल वेगळा ठेव.

आज रात्री नऊला फोन करतो. त्याआधी ताप मोजून ठेव आणि फोन चार्जिंगला लाव. उचलला नाहीस, तर मी सरळ तुझ्या वॉर्डनना फोन करणार आहे. मग रागावलास तरी चालेल.

तुझाच,
जुना मित्र