चि. मुक्तास

मिरज,
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, तेव्हा बाबा म्हणाले, आता परत लावू नकोस, तिला बॅगा भरू देत. म्हणून हे लिहायला घेतलं. हाताचा विषय काढणार नाही. दौऱ्याला शुभेच्छा द्यायच्या, सतारमेकर चाचांचा निरोप सांगायचा आणि पाकीट उद्या कुरिअरला टाकायचं, एवढंच.

चाचांनी तुझ्या गिटारच्या सातही तरफा, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या तारा, जादा दिल्या आहेत. थंड, कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तेव्हा हॉलवर पोचल्या पोचल्या गिटारची केस उघडायची नाही, वाद्याला तिथल्या हवेची सवय होऊ द्यायची, असं दोनदा बजावून सांगितलंय. आधी त्यांनी गिटारला तरफा बसवायला साफ नकार दिला होता, आठवतं ना? गिटारची तबली पातळ असते, एवढा ताण सोसणार नाही म्हणाले होते. मग तू त्यांना ‘शक्ती’ बँडचा तो जुना फोटो दाखवलास. जॉन मॅक्लॉफ्लिनच्या मांडीवरची गिटार, मुख्य तारांना तिरक्या जाणाऱ्या सात तरफा, आणि पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं. चाचा कितीतरी वेळ फोटो धरून बसले. सतारमेकर गल्लीत ज्या माणसाने जन्मभर तानपुऱ्यांच्या तारांखालच्या घोड्या घासून जवाऱ्या लावल्या, त्याने तुझ्या गिटारसाठी कानशीने घोडी घासली. दोन हात घासायचे, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, की पुन्हा दोन हात. तरफा पहिल्यांदा आपोआप झंकारल्या तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुण्याच्या कार्यक्रमात तुम्ही मारवा वाजवलात, त्याबद्दल तुझ्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. मी धास्तावूनच बसले होते. गिटारवाल्यांचा हात सवयीने कॉर्डकडे जातो आणि त्या कॉर्डमधून पंचम कधी शिरतो ते कळतही नाही. मारव्यात पंचम आला की राग संपला. तू एकदाही येऊ दिला नाहीस. षड्जावरही रेंगाळली नाहीस, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहिलीस, आणि व्हायोलिन थांबलं तेव्हा मागे फक्त तरफा बोलत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, ही कोण हो? मी सांगितलं, माझी मुलगी. घसा दाटून आला होता, पुढचं काही बोलताच आलं नाही.

लोक सारखं पूर्व-पश्चिम, पूर्व-पश्चिम करतात. मला वाटतं, 1975 च्या सुमाराला ‘शक्ती’ उभी राहिली तेव्हा खरं अवघड काम दुसरंच होतं. एका बाजूला झाकीरभाईंचा तबला, दुसऱ्या बाजूला विक्कू विनायकराम यांचा मातीचा घटम. आपली तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, आणि दक्षिणेकडचा तसाच कोरवै एकाच समेवर आणायचे. तेव्हा उत्तर आणि दक्षिण एका मंचावर अशी क्वचितच बसत. मॅक्लॉफ्लिन तर आधी वीणा शिकायला बसले होते, मग गिटार घेऊन या लोकांत आले. तुमच्या घटमवाल्या मुलाला तू बोल तोंडाने म्हणून दाखवायला लावतेस, त्याशिवाय वाजवत नाहीस, हे मला फार आवडलं. झाकीरभाई गेले त्या डिसेंबरात तू फोनवर नुसती रडत होतीस, तेव्हाच मला कळलं की हे तुझं वेड वरवरचं नाही.

पण मुक्ता, अनामिकेला मुंग्या येतात हे तू मला सांगितलं नाहीस, आत्याकडून कळलं.

लिहिणार नव्हते, पण आता लिहूनच टाकते. हे दुखणं कुठून आलं ते मी ऐकूनच ओळखलं. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपसूक उमटतो, त्यापेक्षा गिटारच्या पडद्यावरचा गंधार चढा असतो. तार ओढली तर सूर चढतो, उतरत मात्र नाही. म्हणून तू खालच्या पडद्यावर बोट दाबतेस आणि तिथून ओढत ओढत गंधार गाठतेस. प्रत्येक वेळी. कान माझा घेतला आहेस, त्याची किंमत तुझं बोट देतं आहे. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून तारेवरून कांडी फिरवली, विश्वमोहन भट्टही तसंच वाजवतात, त्यांना हा ताण नाही. तू तशी वाजव असं म्हणत नाही. तार ओढून घेतलेली तुझी मींड तुझ्या बोटाची आहे, ती मला हवी आहे. पण तारा पातळ लाव. आणि पट्टी उतरव, एक पूर्ण सूर उतरव. घटमवाल्याला दुसरा घट घ्यावा लागेल, घेऊ दे. गायिकेचा आवाज बसला तर आपण पट्टी उतरवतोच की. रोज किती वाजवतेस? मध्ये थांबतेस का? मनगट वाकवून बसू नकोस. मानेची तपासणी केलीस का, मुंग्या कधी कधी मानेतून येतात म्हणे.

झालं, पुन्हा सुरू झालं माझं. रागावू नकोस. तू लहान नाहीस, तुझं शरीर तुला कळतं.

काल तू म्हणालीस, मॅक्लॉफ्लिननी 2017 मध्ये हाताच्या संधिवातामुळे अमेरिकेत निरोपाचा दौरा केला, तरी 2023 मध्ये, 81 व्या वर्षी, ‘शक्ती’बरोबर वाजवलं, आणि पुढच्याच वर्षी त्या मंडळींना ग्रॅमी मिळालं. सगळं खरं आहे. पण त्या निरोपाच्या दौऱ्यावेळी त्यांचं वय 75 होतं. तू 28 ची आहेस.

आप्पाआजोबांचं तुला कुणी धड सांगितलंच नाही, आजीला आवडत नसे. उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी गाणं होतं, त्या रात्री आप्पा पेटीवर होते आणि मी मागे तानपुऱ्यावर. दोन वर्षं अंगठा दुखत होता, कुणाला बोलले नाहीत. द्रुत सुरू झालं आणि मला मागून दिसलं, अंगठा तळव्याला चिकटून बसला होता. उरलेल्या बोटांनी त्यांनी सगळी तान उचलली, एक स्वर गाळला नाही. गवयाला कळलं नाही, लोकांनाही कळलं नाही. घरी आल्यावर पेटीवर कापड टाकलं, ते पुन्हा काढलं नाही. नंतर सकाळचा चहा आजी त्यांना बशीत ओतून द्यायची. मी तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होते आणि काही विचारायची सोय नव्हती.

म्हणून मी विचारते. दौरा रद्द कर असं म्हणणार नाही. तू जा. तिथल्या लोकांनी तुझा मारवा ऐकावा असं मला मनापासून वाटतं, आणि बाबांना तर माझ्याहून जास्त. ते वाचनालयात सगळ्यांना सांगत सुटलेत. फक्त निघण्याआधी हाताच्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांनी जे लिहून दिलं असेल त्याचा फोटो मला पाठव. विश्रामबागेतल्या डॉक्टरांचा नंबर आत्याने दिला आहे, तो पाकिटात ठेवते, पण मुंबईत कुणी बघितलं तरी चालेल.

मेथीचे लाडू वेगळ्या डब्यात आहेत, चकल्यांबरोबर ठेवू नकोस, वास लागतो. पहिल्या कार्यक्रमाची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे किती, ते बाबांना कळव. त्यांना जागं राहायचं आहे.

तुझी,
आई