इंदूरच्या गोराकुंडावर झाडू थांबवणाऱ्या ताईंना

ताई,

रंगपंचमी होऊन आठ दिवस झाले. मुलाच्या शर्टाचा रंग दोन धुण्यांत फिका पडला, पण तुमची आठवण आली की अजून गळा दाटून येतो. त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचंही सुचलं नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्या दुपारी राजवाड्याच्या बाजूला जे कोणी सफाईला होते, त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवतील.

मी ती भिजलेली, रडवेली बाई, आणि माझ्याबरोबरचा सात वर्षांचा मुलगा. त्याला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन आहे. गेर, म्हणजे आपली रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघायची म्हणून दोन वर्षं तो मागे लागला होता. गेरचा ढोल त्याला मशीन काढून ठेवलं तरी छातीत वाजतो, हे त्यानंच मला हात छातीवर ठेवून दाखवलं होतं. यंदा म्हटलं, जाऊ या. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर अलीकडे इंदूरच्या माणसाची पंचमी गेरशिवाय झालेली नाही, मग त्यानंच का घरात बसायचं?

खजुरी बाजारात आमच्या ओळखीच्यांच्या ओट्यावर आम्ही सकाळपासून बसलो होतो. दुकानांना ताडपत्र्या बांधलेल्या, सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या. पाण्याचे टँकर दिसायला लागले तशी मी त्याची दोन्ही मशीनं काढली, चेनच्या छोट्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या खिशात खोचली. मग मिसाइलनं, म्हणजे उंच रंग फेकणाऱ्या यंत्रानं, गुलाल उडवला. तिसऱ्या मजल्याच्याही वर! सगळं आभाळ गुलाबी झालं आणि माझं पोर तोंड उघडं टाकून बघत राहिलं. तो दिवस तिथंच संपला असता तर किती बरं झालं असतं.

गर्दी थोडी ओसरल्यावर उतरून गोराकुंडाकडे निघालो. तिथं एक लोंढा आला. सावरलो, खिसा चाचपला, तर पिशवी नाही.

पुढचा अर्धा तास मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. स्वागताच्या मंचावर माइक होता. एकदा पुकारा म्हणून हात जोडले, तर उत्तर आलं, “बहनजी, अभी स्वागत चल रहा है.” बंदोबस्तावरच्या एकानं सांगितलं, उद्या या. आणि एक चांगले शिकले-सवरलेले दिसणारे गृहस्थ माझ्या मुलाकडे बघून म्हणाले, “ऐसे बच्चे को गेर में लाते ही क्यों हो?” ऐसे बच्चे को! त्याला ऐकू आलं नाही, पण चेहरे तो वाचतो. त्यानं माझा हात सोडला आणि मान खाली घातली. त्या गृहस्थांना मी अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात तुमची फौज आली. गेर पुढं सरकली की मागोमाग रस्ता धुऊन लखलखीत करायचा, हा तर आपल्या शहराचा अभिमान. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर येत आला तो तुमच्या हातांमुळे, आणि त्या दिवशी तुमच्या कामावर किती डोळे असतात तेही सगळ्यांना माहीत आहे. गुलालाचा चिखल, फाटक्या चपला, प्लास्टिक, सगळं एका बाजूला ओढलं जात होतं. मी तुम्हाला हिंदीत काहीतरी सांगत होते आणि मुलाला मराठीत ‘रडू नको’ म्हणत होते. तुम्ही ते ऐकलंत. झाडू रस्त्यावर आडवा टाकलात, मागून येणाऱ्या मशीनवाल्याला हातानं थांबवलंत, आणि त्या चिखलात माझ्या मुलासमोर उकिडव्या बसलात. त्याला तुमचे ओठ दिसतील अशा. सावकाश म्हणालात, “कुठं पडलं रे बाळा?”

ताई, अर्ध्या तासात त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. जो तो माझ्याशी बोलत होता, त्याच्या डोक्यावरून. शिवाय हिंदी ओठांवरून त्याला नीट कळत नाही. घरात मराठी, म्हणून मराठीच कळते. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?

त्यानं लगेच बोट दाखवलं. विजेच्या खांबाकडे. धक्का बसला तेव्हा खिशातून काहीतरी निसटलेलं त्याला कळलं होतं. तो तेव्हापासून मला ओढत होता आणि मी त्यालाच दामटत पुढं नेत होते.

खांबाच्या बुडाशी पत्रावळींच्या ढिगात तुम्ही हात घातलात. पिशवी निघाली, नखशिखांत गुलाबी. पदराचं आतलं कोरडं टोक शोधून तुम्ही ती पुसलीत आणि माझ्या पुढं आलेल्या हाताकडे न बघता त्याच्या हातात दिलीत. चेन घट्ट होती, आत थेंबभरही पाणी गेलं नव्हतं. मी पर्स उघडली तर तुम्ही रागावलात, “ठेवा ते.” आणि झाडू उचलून लाइनीत मिसळलात. सगळ्यांचे कपडे सारखे, तोंडं रंगलेली. मागं वळून बघितलं तर तुम्ही कुठल्या, ते ओळखू येईना.

चांगल्या माणसांबद्दल आपण फार कमी बोलतो. त्या मंचावरच्या मंडळींची नावं दुसऱ्या दिवशी फोटोंखाली आली. तुमचं कुठंच नाही.

ती पिशवी तो मला धुऊ देत नाही. रोज रात्री मशीनं काढली की तीत ठेवतो, आणि तुमच्यासारखा समोर उकिडवा बसून मला विचारतो, “कुठं पडलं रे बाळा?” ‘ळ’ त्याला अजून जमत नाही. पुढच्या पंचमीला त्याच खांबापाशी आम्ही दोघं पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दुपारी उभे असू. कामातून पाच मिनिटं काढा, एवढीच विनंती.

तुमची,
खजुरी बाजारातल्या ओट्यावरची आई