वाफे उंच करायचं ठरवलंय

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मागच्या अंगणातले जमिनीवरचे वाफे काढायचं मी पक्कं केलंय, गवंड्याला होकारही दिलाय. आधी विचारलं असतं तर "आम्हाला काय धाड भरलीय" म्हणून तुम्ही विषय संपवला असता, आणि बाबा, गेल्या पावसाळ्यानंतर मला ते उत्तर पुरत नाही. बाग कमी होणार नाही. फक्त तुमच्या हाताशी येईल.

बाबांचा वाफा अडीच फूट उंच, उभ्यानं काम करायला. आईचा दीड फूट, काठावर बसता येईल असा. बसायला काठ फूटभर रुंद घेतलाय. पण काठ रुंद झाला की हात तेवढाच कमी पोचतो, म्हणून आई, तुझा वाफा आतून अडीच फूटच रुंद ठेवलाय. अरुंद वाटला तरी रागावू नकोस, दोन्हीकडून मधोमध हात जाईल. वाट तीन फूट आणि खडबडीत फरशीची. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. नळ वाफ्यापाशीच आणतेय. बादल्या बंद.

गवंडी म्हणेल, चार इंची भिंत पुरे. ऐकायचं नाही. ओल्या मातीच्या दाबानं ती फुगते आणि तडकते. नऊ इंचीच हवी, तळाशी पाणी जायला भोकं ठेवून. खाली कोबा करू द्यायचा नाही, आणि निचऱ्यासाठी म्हणून विटांचे तुकडेही भरू द्यायचे नाहीत. बारीक मातीतलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही, उलट वरची मातीच चिकचिकीत राहते. खाली साधी माती, वरच्या फूटभरात दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्च्या खतानं मुळं पोळतात, मुळं खाणारी हुमणी अळीही येते. माती पुढे काही इंच बसेल, तेव्हा वरून भर घाला.

फुलं आणि भाजी मी मुद्दाम वेगळी केलेली नाहीत. काकडी-भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी असतात. मधमाशी फिरकली नाही तर बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. म्हणून कडेनं झेंडू आणि कॉसमॉस. कोपरे कायमच्या झाडांना: आईची अबोली, गवती चहा. म्हणजे वांगी उपटली तरी खिडकीतून नुसती उघडी माती दिसणार नाही. वेलांचा मांडव उत्तरेच्या कडेला, सावली वाफ्यावर नको. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, दर वर्षी त्यांची जागा बदला. पुदिना कुंडीतच ठेवा, मोकळा सोडला तर अख्खा वाफा खातो.

आजीच्या जाईला कुणी हात लावणार नाही. ती आहे तिथेच, आहे तशीच. मी आले की मला अजून तिच्याखालीच बसायचं असतं.

आणि हे पाळायचंच: पाणी सकाळी, बुंध्याशी. संध्याकाळी पानं भिजवली तर रात्रभर ओली राहतात आणि करपा येतो. माती भरायला माणसं येतील. बाबा, घमेल्याला हात लावायचा नाही. आई, लक्ष ठेव. आणि तूही लावायचा नाहीस.

तुमची,
धाकटी